'मँगो स्ट्रीट' आठवीतल्या मुलीला वाचू द्यावे का?

आपल्या प्रश्नाचा मथितार्थ मी असा समजते. आपली मुलगी न्यू जर्सीतल्या शाळेत आठवीत आहे. तिच्या वर्गाला सँड्रा सिस्नेरोस यांची 'द हाउस ऑन मँगो स्ट्रीट' ही कादंबरी नेमली आहे. आपण ती इथूनतिथून उघडून पाहिली तेव्हा सलग कथानक हाती लागले नाही, पण दोनतीन प्रकरणांनी मात्र मन अस्वस्थ केले. मुलीला हे वाचू द्यावे की शाळेकडून दुसरे पुस्तक मागून घ्यावे, हा आपला प्रश्न आहे. जाता जाता आपण असेही लिहिले आहे की, तसा त्या वस्तीशी आपला काही संबंध नाही. या शेवटच्या वाक्याकडेही मी वळणार आहे, कारण माझ्या मते प्रश्नाचा निम्मा भाग त्यात आहे.

मी अमेरिकेतल्या सार्वजनिक शाळांमध्ये इंग्रजी साहित्य शिकवते आणि आठवी ते दहावीच्या मुलांबरोबर हे पुस्तक बरीच वर्षे वाचत आले आहे. त्या अनुभवावरून सांगते, की वाचू द्यावे की नाही हा प्रश्न सोडवायला फारसा अवघड नाही. अवघड आहे ते हे पुस्तक कसे वाचायचे हे ठरवणे. मधूनच पाने उघडून वाचणाऱ्याला त्यातला धक्का तेवढा मिळतो; त्या धक्क्यापर्यंत लेखिकेने ज्या पायऱ्यांनी आणले आहे त्या पायऱ्या दिसत नाहीत. कोणतेही पान उघडावे आणि ते स्वतंत्रपणे वाचता यावे असे पुस्तक आपल्याला लिहायचे होते, असे सिस्नेरोस यांनी स्वतःच सांगितले आहे, आणि रसिक वाचकाच्या बाबतीत ते खरेही आहे. तरीही मुलीच्या आधी पुस्तक पारखून पाहणाऱ्या आईने लेखिकेची ही सवलत घेऊ नये. पहिल्या पानापासून क्रमाने वाचावे. पुस्तक इतके लहान आहे की दोन संध्याकाळी पुरतात.

थोडी पार्श्वभूमी देणे आवश्यक आहे. सिस्नेरोस यांचा जन्म 1954 मध्ये शिकागोत झाला. वडील मेक्सिकोतून आलेले, आई मेक्सिकन वंशाची पण अमेरिकेतच वाढलेली, आणि सहा भावांत ही एकटी बहीण. कुटुंब शिकागो आणि मेक्सिको सिटी यांच्यामध्ये सतत ये-जा करत असे, त्यामुळे भाड्याची घरे बदलत राहिली. पुढे हम्बोल्ट पार्क भागात त्यांनी स्वतःचे घर घेतले, आणि कादंबरीतल्या घराचे मूळ तिथे आहे; मँगो स्ट्रीट हा रस्ता मात्र कल्पित आहे. आयोवा विद्यापीठाच्या प्रसिद्ध लेखन अभ्यासक्रमात असताना एका वर्गात घर या कल्पनेवर चर्चा चालली होती. घर म्हणजे सुरक्षित, स्वप्ने पाहण्याची जागा, असे सर्वजण गृहीत धरत होते. आपल्या ओळखीचे घर तसे नाही आणि या वर्गात ते दुसऱ्या कोणाच्याही ओळखीचे नाही, हे त्यांना तिथे जाणवले, आणि आपल्याला काय लिहायचे आहे हेही तिथेच उमगले. नंतर त्यांनी शिकागोत, शाळा अर्धवट सुटलेल्या लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, मुलामुलींना शिकवले, आणि त्या मुलींच्या हकिकती पुस्तकात मिसळल्या. म्हणून एस्पेरांसा कॉर्देरो ही नायिका म्हणजे लेखिकाच, असे समजून वाचणे चुकीचे ठरेल. पुस्तक 1984 मध्ये ह्यूस्टनच्या आर्ते पुब्लिको प्रेस या छोट्या प्रकाशनसंस्थेने काढले, पुढच्याच वर्षी त्याला अमेरिकन बुक अवॉर्ड मिळाले, आणि 1991 मध्ये मोठ्या प्रकाशकाने नवी आवृत्ती काढल्यावर ते देशभरातल्या शाळांमध्ये पोहोचले. 'स्त्रियांना' अशी त्याची अर्पणपत्रिका स्पॅनिश आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत आहे.

आता आपल्याला न सापडलेल्या कथानकाविषयी. पुस्तकात 44 छोटी प्रकरणे आहेत. काही तीनचार पानांची, काही एका पानातच संपणारी. संवादांना अवतरणचिन्हे नाहीत, त्यामुळे कोण बोलले आणि कोणाच्या मनात आले, यातली सीमा वाचकाने स्वतः शोधायची असते. बाह्य घटना म्हणाल तर एक कुटुंब एका लाल, चिंचोळ्या पायऱ्यांच्या घरात राहायला येते आणि सुमारे वर्षभरात त्या घरातली थोरली मुलगी मोठी होते, एवढीच. आईवडिलांनी वचन दिले होते पांढऱ्या, झाडांच्या, तीन न्हाणीघरे असलेल्या घराचे. मिळाले ते एकच न्हाणीघर असलेले, आणि झोपायची खोलीही प्रत्येकाला दुसऱ्याबरोबर वाटून घ्यावी लागणारे. त्याआधीच्या लूमिस रस्त्यावरच्या घराकडे बोट दाखवून शाळेतल्या एका ननने तू इथे राहतेस का, असे विचारलेले असते आणि त्या विचारण्याच्या सुरामुळेच एस्पेरांसाला स्वतःचे घर परक्याच्या नजरेने दिसू लागते. घराची लाज वाटणे म्हणजे काय, हे मी आजवर वाचलेल्यांत याहून कमी शब्दांत कोणी सांगितलेले मला आठवत नाही.

या तुकड्यांना एकत्र बांधणारी गोष्ट म्हणजे खिडकी. वर्गात मी मुलांना पहिल्या दिवशी एवढेच काम देते, की पुस्तकात जिथे जिथे एखादी स्त्री खिडकीशी किंवा दाराशी उभी असेल तिथे पेन्सिलीने खूण करा. चौथ्याच प्रकरणात एस्पेरांसाची पणजी येते. ती मनस्वी बाई, लग्नाला तयार नव्हती, तेव्हा पणजोबांनी तिच्या डोक्यावरून पोते टाकून तिला उचलून नेले आणि तिने उरलेला जन्म खिडकीतून बाहेर बघत काढला. एस्पेरांसाला तिचे नाव मिळाले आहे, पण खिडकीजवळची तिची जागा वारशाने नको आहे. त्यानंतर खुणा वाढत जातात. मारिन रात्री दाराशी उभी राहून कोणीतरी येऊन आपले आयुष्य बदलेल याची वाट पाहते. राफाएला तरुण आणि सुंदर आहे म्हणून नवरा मंगळवारी डॉमिनो खेळायला जाताना तिला कुलूप लावून जातो, आणि ती वरून डॉलरची नोट टाकून मुलांकडून नारळाचा किंवा पपईचा रस मागवते, दोरीला बांधलेल्या पिशवीतून वर ओढून घेते. मिनर्व्हा एस्पेरांसापेक्षा जेमतेम थोडी मोठी, पदरी दोन मुले, नवरा जातो आणि परत येतो, आणि रात्री मुले झोपली की ती कागदाच्या कपट्यांवर कविता लिहिते. मामासिताला नवऱ्याने पैसे साठवून इकडे आणले आहे, पण ती तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरतच नाही, आणि तिचे लहान मूल दूरचित्रवाणीवरच्या जाहिरातीचे गाणे इंग्रजीत म्हणू लागते तेव्हा ती रडू लागते. शेवटी सॅली. बाप मारतो म्हणून ती आठवीच्याही आधी लग्न करून सुटते, आणि तिचा नवरा तिला खिडकीतून बाहेर बघूही देत नाही. पणजीला निदान खिडकी तरी होती, हे सॅलीच्या प्रकरणाशी येईपर्यंत बहुतेक मुलींच्या आपोआप लक्षात येते. मला सांगावे लागत नाही.

ज्या प्रकरणांनी आपण अस्वस्थ झालात ती या ओळीत ठेवून पाहावीत. आपण नावे दिली नाहीत, पण ती कोणती असतील याचा अंदाज मी करू शकते. पहिल्या नोकरीच्या प्रकरणात फोटो धुण्याच्या दुकानात एक वयस्कर माणूस सभ्यपणे बोलत बोलत एस्पेरांसाचे जबरदस्तीने चुंबन घेतो. माकडांच्या बागेच्या प्रकरणात सॅलीला मुलांनी वेढलेले पाहून एस्पेरांसा तिला सोडवायला काठ्या आणि वीट घेऊन जाते, आणि सगळे तिलाच वेड्यात काढतात. लाल विदूषकांच्या प्रकरणात जत्रेत सॅलीची वाट पाहत थांबलेल्या एस्पेरांसावर अत्याचार होतो. या तिसऱ्या प्रकरणात काय घडले याचे वर्णन जवळजवळ नाहीच. आहे ती एका मुलीची तुटक, सॅलीला दोष देणारी, प्रेमाच्या गोष्टी सांगणारी सगळी पुस्तके आणि चित्रपट खोटे होते असे म्हणणारी तक्रार. ज्या मुलांना त्या विषयाची जाण नाही ती मुले या प्रकरणातून बहुधा काहीतरी वाईट घडले एवढाच अर्थ घेतात, आणि ज्यांना आहे त्यांना सगळे कळते. हा संयम हेतुपुरस्सर आहे आणि माझ्या मते या वयासाठी योग्य आहे.

यापूर्वीचा एक प्रसंग मात्र आपण कदाचित हसून पुढे गेला असाल, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एस्पेरांसा, ल्यूसी आणि रेचल या मैत्रिणींना कोणीतरी जुने, उंच टाचांचे बूट देते. त्या ते घालून रस्त्यावरून मिरवतात, पुरुषांच्या नजरा बदललेल्या त्यांना जाणवतात, थोडी गंमतही वाटते, आणि मग एक दारुडा रेचलला एका डॉलरच्या बदल्यात चुंबन मागतो. मुली पळत सुटतात, बूट लपवून ठेवतात, आणि पुढे ल्यूसीची आई ते फेकून देते तेव्हा कोणीच तक्रार करत नाही. मोठे होण्याची हौस आणि मोठे होण्याची भीती एकाच दुपारी एकाच बुटांतून येते, हे तेरा वर्षांच्या मुलींना फार नेमके समजते. लाल विदूषकांवर बोलण्याचे धाडस नसेल तर आईने बुटांच्या प्रकरणावर बोलावे. मुलीला पुढचे बोलायचे असेल तर ती तिथूनच सुरुवात करते, असे मी वारंवार पाहिले आहे.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मान्य करायला हव्यात. आपल्या मुलीला किंवा तिच्या जवळच्या कोणाला अशा स्वरूपाचा त्रास झाला असेल, तर वरचे सर्व विवेचन बाजूला ठेवून आधी शाळेतल्या समुपदेशकाशी बोलावे, आणि ती प्रकरणे भर वर्गात चर्चेला येण्याआधी शिक्षकांना सावध करावे. कारण सांगण्याची गरज नसते. दुसरे, शाळा पुस्तक पूर्ण शिकवते की निवडक प्रकरणे, हे शाळेनुसार बदलते. केसांवरचे, नावावरचे, चार हडकुळ्या झाडांवरचे अशी प्रकरणे तर सहावीतही सुटी शिकवली जातात. शिक्षकांना ईमेल करून नेमकी कोणती प्रकरणे घेणार आणि अत्याचाराच्या प्रकरणावर चर्चा कशी करणार, एवढे दोन प्रश्न विचारावेत. अनुभवी शिक्षकाला असे प्रश्न आवडतात. तिसरे, दुसरे पुस्तक मागण्याची सोय अनेक शाळांत असते, परंतु तिचे नियम प्रत्येक डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागात, वेगळे आहेत. ती घेण्यापूर्वी एक व्यावहारिक गोष्ट ध्यानात घ्यावी: वर्गात सगळे एक पुस्तक वाचत असताना आपली मुलगी वाचनालयात दुसरे वाचत बसणार असेल, तर नाकारलेले पुस्तक ती नक्की वाचेल, आणि एकटीने वाचेल. माझा कौल त्यामुळे स्पष्ट आहे, की आपण आधी वाचावे आणि तिला वर्गाबरोबर वाचू द्यावे.

आपल्या त्या वाक्याकडे येते. आपला आणि त्या वस्तीचा संबंध नाही, हे वस्तुस्थिती म्हणून खरे आहे. अमेरिकेतली बहुतेक मराठी कुटुंबे शिक्षण आणि नोकरीच्या व्हिसाच्या वाटेने आली आणि बऱ्या शाळा असलेल्या उपनगरांत स्थिरावली. एस्पेरांसाचा शेजार दुसऱ्याच वाटांनी तिथे पोहोचलेला आहे. तिथे मेक्सिकोतून आलेले आहेत, प्वेर्तो रिकोतून आलेले आहेत, टेक्सासमधून आलेले आहेत, आणि पाहुणा वाचक या सगळ्यांना एकाच शब्दात गुंडाळतो तेव्हा तो पुस्तकातली निम्मी माणसे गमावतो. म्हणूनच, हे तर आपल्याकडच्या चाळीसारखेच आहे, असे मुलीला सांगण्याचा मोह आवरावा, असे मी सुचवेन. सारखेपणा शोधण्याच्या घाईत त्या वस्तीचे वेगळेपण पुसले जाते. हेराल्डोचे प्रकरण वाचून पाहा. नाचाच्या ठिकाणी मारिनला भेटलेला हा तरुण त्याच रात्री गाडीखाली येतो. ठोकर देणारा थांबत नाही, रुग्णालयात सर्जन येत नाही, आणि त्याचे आडनावही कोणाला ठाऊक नसल्याने दुसऱ्या देशातल्या त्याच्या घरच्यांना तो गेल्याचे कधीच कळत नाही. हे असे मरण कोणाच्या वाट्याला येते आणि कोणाच्या येत नाही, यावर आपल्या मुलीने विचार करावा असे मला वाटते, आणि त्यासाठी तिला तो अनुभव आपलाच आहे असे वाटण्याची आवश्यकता नाही.

पण संबंध अगदीच नाही असेही नाही, आणि तो थोडा गैरसोयीचा आहे. एका छोट्या प्रकरणात एस्पेरांसा सांगते, की चुकून आमच्या वस्तीत शिरलेले लोक घाबरतात. त्यांना वाटते आम्ही सुरे घेऊन अंगावर येऊ, आम्हाला मात्र इथे प्रत्येक जण नावानिशी माहीत आहे. आणि लगेच ती कबूल करते, की दुसऱ्या रंगाच्या लोकांच्या वस्तीत आमची गाडी शिरली की आम्हीही काचा वर करतो. शिकागो, न्यूअर्क किंवा जर्सी सिटीच्या काही भागांतून जाताना आपण गाडीत काय बोलतो, हे मागच्या आसनावर बसलेल्या मुलांनी ऐकलेले असते. वर्गात हे प्रकरण झाले की भारतीय घरांतली मुले गप्प बसतात. त्या गप्प बसण्याचा अर्थ काय, हे मी त्यांना विचारत नाही; आपण घरी विचारू शकता.

एक गैरसमज आईवडिलांमध्ये आणि, खरे सांगायचे तर, माझ्या काही सहकाऱ्यांमध्येही आढळतो. तो असा, की ही गरीब वस्तीतून शिकून बाहेर पडणाऱ्या हुशार मुलीची यशोगाथा आहे. आपल्या घरांत तर हा साचा लगेच बसतो: अभ्यास कर, बाहेर पड. पुस्तकात त्याला आधारही आहे. शेजारच्या अलिसियाची आई वारली आहे, अलिसिया पहाटे उठून घरच्यांसाठी पोळ्या, म्हणजे टॉर्टिया, करते आणि मग दोन ट्रेन आणि एक बस बदलून विद्यापीठात जाते, कारण तिला कारखान्यात किंवा लाटण्यामागे आयुष्य घालवायचे नाही. एस्पेरांसाची आई दोन भाषा बोलते, ऑपेरा गाते, आणि चांगले कपडे नव्हते या लाजेपोटी शाळा सोडल्याचा तिला आजही राग आहे. आजारी मावशी लूपे एस्पेरांसाच्या कविता ऐकते आणि लिहीत राहा, लिहिण्याने तू मुक्त राहशील, असे सांगते. इथपर्यंत साचा ठीक चालतो. परंतु शेवटाकडे, ल्यूसी-रेचलच्या तान्ह्या बहिणीच्या मृत्यूनंतर घरी आलेल्या तीन वृद्ध बहिणी एस्पेरांसाचा हात पाहतात, तिच्या मनातली इच्छा ओळखतात, आणि तिला बजावतात की तू जाशील, पण जे जाऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी तुला परत यावे लागेल. त्यावर ही मुलगी स्वतःच्या स्वार्थीपणाने शरमते. पुढे अलिसियाशी बोलताना, वस्ती सुधारल्याशिवाय मी परत येणार नाही, असे ती म्हणते खरी. पण मग सुधारणार कोण, महापौर का, हा विचार निघतो आणि एस्पेरांसाला मोठ्याने हसू येते. त्यामुळे या पुस्तकात बाहेर पडणे हे बक्षीस नाही, ते एक कर्ज आहे. देश सोडून आलेल्या आपल्या पिढीला हा भाग मुलांपेक्षा अधिक टोचतो, आणि पालकसभेत मी तो मुद्दाम वाचून दाखवते.

घराविषयीची तिची कल्पनाही याच कर्जातून आली आहे. वडील टेकडीवरच्या ज्या श्रीमंत घरांच्या बागांत काम करतात ती घरे बघायला कुटुंब रविवारी जाते. एस्पेरांसा एक दिवस जाणे बंद करते, आणि आपले घर झाले की रस्त्यावरच्या बेघरांना पोटमाळ्यावर राहू देईन असे ठरवते. आणि तरीही तिला हवे असलेले घर पूर्णपणे तिचे एकटीचे आहे. त्यात बाप नाही, नवरा नाही, कोणाचा केर काढायचा नाही. जेवण झाल्यावर खुर्ची न सरकवता, ताट न उचलता, पुरुषासारखी उठून जायची हेही तिने ठरवून टाकले आहे. आपली मुलगी हे प्रकरण वाचल्यावर तोच प्रयोग घरी करून पाहील, याची तयारी ठेवावी. माझ्या विद्यार्थिनींच्या आया दरवर्षी ही तक्रार घेऊन येतात.

आपण विचारलेली शेवटची बाब म्हणजे वर्गातला लेखी उपक्रम. स्वतःच्या घराविषयी किंवा गल्लीविषयी एस्पेरांसाच्या पद्धतीचे एक छोटे प्रकरण लिहायचे आहे, आणि आपली मुलगी म्हणते की माझ्याकडे लिहिण्यासारखे काही नाही. ही अडचण उपनगरातल्या बहुतेक मुलांची असते, कारण त्यांना वाटते की लिहिण्यासाठी गरिबी किंवा दुःख असावे लागते. तिला एखादी घटना शोधायला लावू नये. एक वस्तू किंवा एक खोली निवडायला सांगावी. बेसमेंटमध्ये न उघडलेली भारतातून आलेली बॅग, आजी सहा महिन्यांसाठी येते तेव्हा तिला दिली जाणारी खोली, गॅरेजमधला चपलांचा ढीग, काहीही चालेल. दुसरी अट लांबीची: एक पान, त्याहून जास्त नाही, आणि शेवटी तात्पर्य नाही. तिसरी अट आपल्यासाठी आहे. घराविषयी लिहिताना मुले आईवडिलांना न आवडणारे खरे लिहितात. तिने दाखवले तर वाचावे, शुद्धलेखन सुधारावे आणि बाकीचे तसेच शिक्षकांकडे जाऊ द्यावे.